फोटो काढताना आणि फोटो कापताना

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सभागृहात झालेल्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



चेअरमनसाहेबांनी मला बोलायला सांगितलं तेव्हा त्यांची कल्पना अशी होती की बँकेतून रिटायर झालेला माणूस, तेव्हा ठेवी, व्याजदर, झालंच तर ज्येष्ठ नागरिकांची फसवणूक यावर बोलेल. त्या विषयावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी फोटोवर बोलणार आहे. त्यातही माणसाच्या फोटोवर, म्हणजे ज्याला पोर्ट्रेट म्हणतात त्यावर. तो कसा काढावा, आणि काढल्यावर कुठे कापावा. पोरांच्या भाषेत 'क्रॉप'.

तुम्ही म्हणाल, एवढ्यावर अर्धा तास काय बोलायचं? पण हा विषय माझ्यापुढे आला तो आपल्या या स्मरणिकेमुळेच. स्मरणिकेत दिवंगत सभासदांचं एक पान करायचं ठरलं आणि फोटो गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. पंचवीस वर्षांत आपल्यातली अकरा माणसं गेली. अकरा घरांत मी जाऊन आलो. प्रत्येक घरात हाराचा फोटो भिंतीवर होताच. त्या अकरापैकी सात फोटो कोणाच्या तरी लग्नातल्या ग्रुपमधून कापलेले निघाले. एकाच्या खांद्यावर परक्या माणसाची चार बोटं आहेत, हात नाही. एकाच्या मागे मंडपाची झालर लोंबते आहे. एक फोटो आधार कार्डावरचा मोठा केलेला, त्यात ते गृहस्थ स्वतःच्या घरच्यांनासुद्धा ओळखू येत नाहीत. आणि दोन बायकांचे फोटो पेन्शनच्या जोडफोटोतून काढलेले. नवऱ्याला कापला की बायको उरते, अर्धी.

तुम्हाला हे माहीत आहे. घरात माणूस गेला की तासाभरात कोणीतरी विचारतं, "फोटो आहे का चांगला?" मग कपाटं उपसायची. एक पुतण्या मोबाइल चाळत बसतो. पाहुणे यायला लागलेले असतात, आणि त्या गडबडीत जो सापडेल तो फोटो पुढची तीस-चाळीस वर्षं भिंतीवर राहतो. आयुष्यभर माणसानं काय केलं ते एका बाजूला, आणि पुतण्यानं पाच मिनिटांत जो तुकडा कापला तो एका बाजूला. नातवंडांना आजोबा म्हणजे तोच तुकडा.

आता जरा फोटो कापण्याकडे येतो. मी आयुष्यभर ज्या फोटोला हाताळलं तो कापलेलाच फोटो आहे. खिशात शंभराची नोट असेल तर काढा बाहेर. पोरांकडे नसेल, त्यांचं सगळं क्यूआर कोडवर चालतं; आजोबांकडून घ्या. नोटेवरचे गांधीजी बघा. पुष्कळांना वाटतं ते चित्र आहे, कोणा चित्रकारानं काढलेलं. ते चित्र एका फोटोवरून घेतलेलं आहे. फोटो १९४६ सालचा. त्या वर्षी ब्रिटिश सरकारचं कॅबिनेट मिशन हिंदुस्थानात आलं होतं. भारतमंत्री लॉर्ड पेथिक-लॉरेन्स त्याचे प्रमुख. मूळ फोटोत हे पेथिक-लॉरेन्स गांधीजींच्या शेजारी आहेत. नोटेसाठी तो फोटो कापला, साहेब बाहेर गेले, गांधीजी आत राहिले. १९९६ पासून 'महात्मा गांधी मालिके'च्या नोटा निघाल्या, त्यांच्यावर हाच चेहरा.

त्याआधी, १९६९ साली, जन्मशताब्दीच्या निमित्तानं नोटा काढल्या होत्या. त्यांच्यावर गांधीजी बसलेले आहेत आणि मागे सेवाग्रामचा आश्रम आहे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला त्या नोटा अधूनमधून काउंटरवर यायच्या. दोन्ही नोटा शेजारी ठेवल्या की आपला विषय समजतो. एकीत माणूस आणि त्याची जागा. दुसरीत फक्त चेहरा आणि हसू. एकच माणूस, पण चौकट बदलली की सांगणं बदलतं. मला विचाराल तर मला जुनी आवडायची, पण नोट मोजताना चेहरा मोठा असलेला बरा, हेही खरं.

दुसरं उदाहरण तुमच्या पोरांच्या टी-शर्टवरचं. दाढीवाला, टोपीवर तारा असलेला चे गव्हेरा. हा कोण, असं मी एका कॉलेजच्या पोराला विचारलं तर तो म्हणाला, "गायक असेल." असो. तो फोटो आल्बेर्तो कोर्दा या क्यूबन फोटोग्राफरनं ५ मार्च १९६० रोजी हवानात काढला. आडवा फोटो. त्यात एका बाजूला दुसऱ्या एका माणसाचा बाजूनं दिसणारा चेहरा आहे आणि दुसऱ्या बाजूला झाडाची पानं. कोर्दानं दोन्ही बाजू कापल्या आणि उभा फोटो केला. जगभर गेला तो हा कापलेला. न कापता राहिला असता तर सभेतल्या गर्दीचा एक फोटो म्हणून फायलीत राहिला असता.

तेव्हा कापणं वाईट नाही. कापणं म्हणजे निवडणं.

पूर्वी हे कसं करायचे ते सांगतो, कारण माझा या नादाशी संबंध तिथूनच आला. नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षीच मी आग्फा क्लिक थ्री घेतला. काळा डबा. १२० चा रोल, बारा फोटो, सगळे चौकोनी. बारा फोटोंत महिना काढायचा. धुवायला कोल्हापूरला, महाद्वार रोडवरच्या एका स्टुडिओत द्यायचे. तिथे एक वयस्कर फोटोग्राफर होते, त्यांनी एकदा मला डार्करूममध्ये घेतलं. लाल दिवा, औषधांचा वास. एन्लार्जरखाली चार पट्ट्यांची चौकट होती, पट्ट्या आत-बाहेर सरकवायच्या. निगेटिव्ह वरून कागदावर पडायची आणि ते पट्ट्या सरकवत राहायचे. थोडं डावीकडे, थोडं वर. मी म्हटलं, "एवढा वेळ?" ते म्हणाले, "कागदाला पैसे पडतात." पुढे बऱ्याच वर्षांनी माझ्या लक्षात आलं की आज मोबाइलवर कापायला पैसे पडत नाहीत, म्हणून आपण कसंही कापतो.

पोर्ट्रेट कोल्हापूरला नवीन नाही, हे इथे सांगायला हवं. शाहू महाराजांच्या दरबारी आबालाल रहिमान होते. आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर हे मेस्त्री घराण्यातले भाऊ नाटकांचे पडदे रंगवायचे. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी पुढे कॅमेरा बनवून महाराष्ट्र फिल्म कंपनीत १९२० साली 'सैरंध्री' हा चित्रपट केला. हे लोक दृश्य आधी कागदावर चितारायचे आणि मग कॅमेऱ्याला हात लावायचे. चौकटीत काय घ्यायचं आणि काय नाही, हे त्यांचं आधी ठरलेलं असायचं. आणि अलीकडच्या काळात गौतम राजाध्यक्ष. १९५० ते २०११. सिनेमातली जवळजवळ सगळी मोठी माणसं त्यांच्या कॅमेऱ्यापुढे बसली. त्यांचं 'चेहरे' हे पुस्तक कुठे मिळालं तर जरूर बघा. नुसती चित्रं बघितली तरी चालेल, पण एक एक फोटो पाच मिनिटं बघा, डोळ्यांत खिडकी कुठे चमकते आहे ते शोधा.

आता प्रत्यक्ष काढण्याचं. पहिली गोष्ट उजेड. आपल्याला वाटतं ऊन म्हणजे उजेड. दुपारी बारा वाजता माणसाला अंगणात उभा करून फोटो काढला तर डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबणी येतात आणि नाक पांढरं. राधानगरीच्या माणसाला देवानं याचा तोडगा दिलेला आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर सूर्य असतोच कुठे? सगळे पावसाला वैतागतात, पण फोटोला आपल्या ढगाळ आभाळासारखा उजेड नाही. सगळीकडून सारखा येतो, सावली कडक पडत नाही, सुरकुती दिसते पण ओरडत नाही. शहरातले स्टुडिओवाले पांढऱ्या छत्र्या आणि दिवे लावून जे करतात ते आपल्या पडवीत फुकट आहे. माणसाला पडवीत, दाराच्या आतल्या बाजूला एक पाऊल, तोंड बाहेर करून बसवा. तुम्ही बाहेर उभे राहा, छत्री घेऊन. बस्स.

चष्मा असेल तर काचेवर आभाळ येतं. त्यावर युक्ती अशी, चष्म्याच्या काड्या कानावर अर्धा बोट वर उचलायच्या, म्हणजे काचा किंचित खाली झुकतात आणि चमक जाते. फोटोत ते कळत नाही. चष्मा काढून मात्र बसवू नका. तीस वर्षं चष्मा लावणाऱ्या माणसाचा बिनचष्म्याचा फोटो म्हणजे दुसऱ्याच कोणाचा तरी फोटो.

दुसरी गोष्ट अंतर. मोबाइल घेऊन लोक माणसाच्या तोंडात जातात. मोबाइलची भिंग रुंद असते, जवळून काढलं की नाक मोठं होतं आणि कान मागे पळतात. पाच-सहा फूट मागे या आणि दोनपट झूम करा. आणि बसलेल्या माणसाचा फोटो काढायचा तर तुम्हीही गुडघे वाकवा. डोळ्याला डोळा. वरून काढलेला म्हातारा माणूस केविलवाणा दिसतो. कर्ज मागायला आल्यासारखा.

मागे काय आहे ते बघा. हे सगळ्यात दुर्लक्षित. मी फोटो गोळा केले त्यात एका सद्गृहस्थांच्या डोक्यातून नारळाचं झाड उगवलेलं आहे, आणि एका काकांच्या कानाला इलेक्ट्रिकचा बोर्ड लागलेला आहे. एक पाऊल डावीकडे सरकलं असतं तर झालं असतं. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की आपण सगळे तिकडे धावतो. सात स्वयंचलित दरवाजे, तलाव भरला की आपोआप उघडतात, बघण्यासारखंच आहे ते. पण नातवाला कठड्याजवळ उभा करून त्याचाही फोटो काढायचा आणि साती दरवाजे पण आणायचे, म्हणजे नातू मुंगीएवढा होतो आणि दरवाजे काडेपेटीएवढे. दोन फोटो काढा ना. एक धरणाचा, एक नातवाचा. रोल थोडाच संपणार आहे?

आता चौकट. मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'ग्रिड' म्हणून आहे, ते चालू करा. उभ्या दोन, आडव्या दोन रेषा येतात. डोळे वरच्या आडव्या रेषेच्या आसपास ठेवा. आपल्या लोकांची सवय म्हणजे चेहरा बरोबर मध्यभागी, त्यामुळे वर निम्मं आभाळ आणि खाली हनुवटी तळाला टेकलेली. माणूस डावीकडे बघत असेल तर डावीकडे जागा जास्त सोडा, नाहीतर भिंतीला नाक लावून उभा केल्यासारखा वाटतो.

जागा सोडणं हे बँकेतल्या माणसाला लवकर कळतं. आम्ही कर्ज देताना तारणाच्या पूर्ण किमतीएवढं कधी देत नव्हतो, मार्जिन ठेवायचो. फोटो काढतानाही मार्जिन ठेवा. चारी बाजूंनी थोडं जास्त घ्या. जास्तीचं नंतर कापता येतं. जे घेतलंच नाही ते कुठून आणणार? शिवाय मोबाइलचा फोटो चारास तीन या मापाचा, आठ बाय दहाची फ्रेम वेगळ्या मापाची, चार बाय सहाची प्रिंट आणखी वेगळ्या. मार्जिन नसेल तर स्टुडिओवाला विचारतो, "डोकं कापू का हात?" आणि फेटा असेल तर वरती चांगली चार बोटं जागा हवी. कोल्हापुरी फेट्याचा तुरा कापलेला फोटो मी एका घरी बघितला. ते गृहस्थ जिवंत असते तर त्यांनी तो भिंतीवर राहू दिला नसता.

कुठे कापू नये, याचा एक साधा नियम आहे. सांध्यावर कापू नका. मनगट, कोपर, गुडघा, घोटा, बोटांची पेरं. तिथे चौकट आली की हात तुटल्यासारखा वाटतो. दंडाच्या मध्यावर, छातीवर, कमरेच्या वर कापा. केस थोडे गेले तर चालतात, सिनेमात नेहमी कपाळाच्या वर कापतात. हनुवटी मात्र कधी जाऊ द्यायची नाही. बाईमाणसाचं कुंकू चौकटीच्या अगदी कडेला येऊ देऊ नका, नजर तिथेच अडकते. आणि हात घ्या. आपल्या माणसांचे हात. शेतात, भट्टीत, चुलीपुढे गेलेले. चेहरा कॅमेऱ्यापुढे सावध होतो, हात होत नाहीत.

ग्रुप फोटोतून एक माणूस कापला तर काय होतं, त्याचं गणित करून दाखवतो, कारण आकडे खोटं बोलत नाहीत. बारा मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३००० ठिपके. त्यात वीस माणसं. एकाचा चेहरा आणि खांदे मिळून ४०० गुणिले ५०० ठिपके आले तरी पुष्कळ. स्वच्छ छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. म्हणजे तो तुकडा सव्वा इंच बाय दीड इंचापेक्षा किंचित मोठा छापला जातो. पासपोर्टचा फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम तेवढाच. आणि आपण तो आठ बाय दहा करून भिंतीवर लावतो, त्याला ठिपके हवेत २४०० गुणिले ३०००. कुठून येणार? म्हणून ते फोटो पाण्यातून बघितल्यासारखे दिसतात. त्यात व्हॉट्सॲपवरून आलेला असेल तर आधीच लहान झालेला असतो. फोटो पाठवायचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, हे नातवंडं तुम्हाला करून देतील.

आता स्मरणिकेच्या पानाची एक गोष्ट. अकरापैकी एका काकूंचा एकटीचा फोटोच नव्हता. लग्नातल्या ग्रुपमध्येही नाही, कारण लग्नात त्या स्वयंपाकघरात असायच्या. शेवटी संस्थेच्या फायलीत एक फोटो सापडला, आपल्या बोअरवेलच्या उद्घाटनाचा. मध्यभागी पाहुणे नारळ फोडताहेत, दोन्ही बाजूंना समितीची मंडळी. आणि अगदी उजव्या कडेला हातात आरतीचं ताट घेऊन काकू. फोटोग्राफरनं त्यांचा एक दंड चौकटीबाहेर ठेवलेला. सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत, काकू पंपाच्या पाइपाकडे बघताहेत, पाणी येतंय का म्हणून. तो फोटो रोलवरचा होता आणि निगेटिव्ह पाकिटात शाबूत होती, त्यामुळे मोठा करता आला. मी तीन बाजूंनी कापला. पाहुणे गेले, समिती गेली, राहिल्या काकू, ताट आणि कोपऱ्यात पाहुण्यांचा एक कान. त्यांच्या सुनेनं तो बघितला आणि म्हणाली, "अगदी अशाच बघायच्या." आणि मग तिला पुढे बोलवेना.

समितीत यावर चर्चा झाली. एक सदस्य म्हणाले, पाहुण्यांना कापलं हे बरं दिसत नाही. दुसरे म्हणाले, मग कानही काढा. कान काढायचा तर ताट कापावं लागत होतं. इतिवृत्तात नोंद नाही, पण चेअरमनसाहेबांनी कान राहू द्या म्हणून सांगितलं. या स्मरणिकेत तो फोटो आहे, तुम्ही बघालच.

कापण्याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे आणि ती सांगितल्याशिवाय बसणार नाही. जमिनीच्या वाटण्या झाल्यावर भावाला ब्लेडनं कापून काढलेले फोटो मी वारसाच्या कागदपत्रांबरोबर काउंटरवर पाहिलेत. माहेरी परत आलेल्या मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये अर्धे अर्धे फोटो असतात. हे ज्यानं त्यानं ठरवायचं, मी बोलणारा कोण? पण ब्लेडनं कापलेला फोटो जोडता येत नाही, आणि पुढे दहा वर्षांनी दोघे भाऊ एका पंगतीला बसतात तेव्हा आईचा फोटो कोणाकडेच पुरता नसतो, कारण आई मध्ये होती. मोबाइलमध्ये कापताना 'सेव्ह कॉपी' करा, मूळ फोटो तसाच राहू द्या. जुन्या प्रिंटला कात्री लावू नका. तिचा आधी फोटो काढा आणि मग त्या फोटोला काय कापायचं ते कापा.

आणि जोडफोटोबद्दल. पेन्शनसाठी नवरा-बायकोनं शेजारी बसून काढलेले जोडफोटो मी फॉर्मवर शेकड्यांनी चिकटवले आहेत. कित्येक जोडप्यांचा लग्नानंतरचा दुसरा फोटो तोच. माझा स्पष्ट सल्ला, त्यातून एकाला कापून हार घालू नका. दोघांचाच लावा. आपल्या पानावर ते दोन फोटो मी तसेच, जोडीनं ठेवायला सांगितले आहेत. त्यातल्या एकीचे यजमान आज इथे पहिल्या रांगेत बसलेले आहेत. त्यांना मी विचारलं, जिवंत माणसाचा फोटो दिवंगतांच्या पानावर चालेल का? ते म्हणाले, "तिच्याशेजारी असेल तर चालेल."

आता कामाचं. येत्या रविवारी सकाळी आठ ते अकरा मी आणि सभागृहामागच्या इमारतीतली दोन कॉलेजची पोरं सभागृहाच्या उत्तरेकडच्या व्हरांड्यात बसणार आहोत. साठ वर्षांवरच्या प्रत्येक सभासदाचा, आणि विशेष करून प्रत्येक घरातल्या आई-आजीचा, एकटीचा फोटो काढायचा आहे. खुर्ची असेल, मागे पांढरी भिंत. ठेवणीतली साडीच हवी असं नाही, रोजची चालेल. चष्मा, टोपी, काठी, जे रोज असतं ते घेऊन या. दाढी आदल्या दिवशी केली तरी चालेल. "मला कशाला, मी काय आता" असं म्हणणाऱ्यांना त्यांच्या सुनांनी धरून आणायचं आहे. आठ बाय दहाची प्रिंट कोल्हापूरहून करून आणू, प्रिंटचा खर्च ज्याचा त्यानं द्यायचा, फोटोचे पैसे नाहीत. पाऊस असला तरी कार्यक्रम होईल. पाऊस असला तर उलट बरंच आहे. नावं सेक्रेटरींकडे शुक्रवारपर्यंत द्या.